४.७ जीबीत मावणारं लग्न

माझ्या चुलतभावाचं लग्न ६१ जीबीचं आहे. फोटोग्राफरने दिलेल्या हार्ड डिस्कवर नऊ फाइल्स आहेत. सगळ्या मिळून तीन तास, फोर-के, एच.२६५. आणि माझ्या आजीच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये जी तबकडी जाते, तिच्यात ४.७ जीबी मावतात. गेल्या पावसाळ्यातले तीन आठवडे मी ऑफिस सुटल्यावर या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत घालवले.

आता डीव्हीडी प्लेअर कोण वापरतं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही टीममध्ये सगळ्यांनी हेच विचारलं. बहुतेकांच्या घरी तो माळ्यावर आहे, किंवा भंगारवाल्याने कधीच नेला आहे. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरात मात्र तो २१ इंची डबा टीव्हीच्या डोक्यावर बसलेला आहे, पिवळ्या-पांढऱ्या-लाल तीन वायरींसकट. त्यावर आजीने विणलेला रुमाल असतो. प्लेअर लावायचा असला की ती रुमाल काढून त्याची घडी घालते, आणि बघून झालं की परत पांघरते.

आजीकडे साधारण चाळीस डिस्क आहेत. निम्म्याहून जास्त दशावताराच्या व्हीसीडी. नाटक रात्रभराचं आणि व्हीसीडीत मावणार ७४ मिनिटं, त्यामुळे एकेका नाटकाला तीन-तीन डिस्क. राक्षस मरतो तो नेहमी तिसऱ्या डिस्कवर. शिवाय काही मराठी सिनेमे आहेत, ते त्या स्वस्ताईच्या काळातले. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली होती. तेव्हा घरी पाहुणा आला की फरसाणाबरोबर एक सिनेमाही घेऊन यायचा. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. डिस्क अजून चालतात.

आजी ८१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये अंगणात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मे महिन्यातल्या लग्नाला तिला नाशिकपर्यंत नेणं शक्य नव्हतं. धाकट्या नातवाचं लग्न, आणि घरात ती आणि शेजारची एक काकू अशा दोघीच. लग्नानंतर आम्ही सगळे गावी गेलो आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर तिला लग्न दाखवलं. ती "बरा हा, बरा हा" म्हणत बघत राहिली. तीन-चार मोबाइल झाल्यावर तिने चष्मा काढून ठेवला.

मला नंतर एकटीला म्हणाली, "माका मोबाईलवर नको. तो धरूक दुसरो माणूस लागता. तू धरतंस, तू सरकवतंस, आणि मगे इचारतंस, बघलंस मा?"

मी व्हिडिओ स्ट्रीमिंगच्या क्षेत्रात काम करत नाही. माझं काम बँकांच्या व्यवहारांचे हिशेब जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. पण "युजर एक्सपीरियन्स" या विषयावर ऑफिसात जेवढी सेशन्स ऐकली, त्या कुठल्याही सेशनमध्ये इतकी सरळ तक्रार ऐकली नव्हती. बघणारी ती, आणि थांबायचं कुठे, पुढे जायचं कधी, हे ठरवणार आम्ही.

*

यात अजून एक गोष्ट होती, जी तिने मोठ्याने म्हटली नाही. आजीची धाकटी बहीण, आमची माई-आजी, त्या लग्नाला आली होती. तिच्या मुलाने गाडी करून आणली होती. खुबा मोडल्यापासून दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. चतुर्थीला भेटू असं फोनवर ठरलं होतं. जुलैमध्ये माई-आजी गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. आजीला तेव्हा वॉकर घेऊन जेमतेम पडवीपर्यंत येता येत होतं. तिला अंत्यदर्शनाला नेता आलं नाही.

फोटोग्राफरकडून आधी चार मिनिटांचा "हायलाइट्स" आला होता. ड्रोनमधून दिसणारा हॉल, धुरातून येणारी नवरी, पाठीमागे हिंदी गाणं. तो सगळ्यांच्या स्टेटसला लागला. त्यात माई-आजी कुठेच नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं. पूर्ण व्हिडिओ ऑगस्टमध्ये आला. आजीला कळल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "माई खय आसा ह्याच्यात?"

तर काम ठरलं. तीन तासांचं लग्न आजीच्या प्लेअरवर चालेल असं करायचं, आणि त्यात माई-आजी शोधायची.

*

पहिल्यांदा हिशेब सांगते, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे.

व्हिडिओची फाइल म्हणजे डबा आणि भाजी अशा दोन गोष्टी असतात. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही डब्यांची नावं. आत काय शिजवलंय ते वेगळं, त्याला कोडेक म्हणतात. लोक फाइलचं नाव बदलून ".एमपी४" चं ".व्हीओबी" करतात आणि चालत नाही म्हणून वैतागतात. नुसता डबा बदलून भाजी बदलत नाही. आपले फोन आत एच.२६४ किंवा एच.२६५ भरतात. एच.२६५ हे प्रमाण २०१३ सालचं. डीव्हीडी प्लेअर जपानमध्ये पहिल्यांदा विक्रीला आले ते १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे माझ्याही जन्माच्या आधी. त्या प्लेअरला कळते ती एमपीईजी-२ ही एकच पद्धत, आणि व्हीसीडीसाठी तिच्या आधीची एमपीईजी-१. हे त्याच्या चिपमध्येच कोरलेलं असतं. त्याला अपडेट येत नाही. त्याला नवं काही शिकवता येत नाही, त्यामुळे आपण त्याच्या भाषेत बोलायचं.

त्याच्या भाषेचं व्याकरणही कडक आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं, सेकंदाला २५ फ्रेम्स. व्हिडिओचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ९.८ मेगाबिट. आवाज ४८ किलोहर्ट्झवर. डिस्कवर "व्हिडिओ_टीएस" नावाचं फोल्डर, त्यात एक जीबीच्या आतले तुकडे, आणि कोणता तुकडा कधी वाजवायचा हे सांगणाऱ्या छोट्या फाइल्स. यातलं एक जरी चुकलं तरी स्क्रीनवर "बॅड डिस्क" येतं आणि ट्रे बाहेर येतो.

आता ४.७ जीबी म्हणजे ३७.६ गिगाबिट. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागाकार केला की सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिट हाती लागतात. त्यातून आवाजाचे आणि बांधणीचे वजा केले की चित्रासाठी उरतात सव्वातीनच्या आसपास. म्हणजे प्लेअर जेवढं झेपवू शकतो, त्याच्या एक तृतीयांश. संथ प्रसंगांना हे पुरतं. पण हळदीला जिथे सगळे एकमेकांवर फुलं उधळत नाचतायत, तिथे चित्राचे चौकोन-चौकोन होतात.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्कही मिळते. पण जुन्या प्लेअरना ती वाचताना अडचण येऊ शकते, आणि थर बदलताना चित्र क्षणभर अडकतं. मी आजीलाच फोनवर विचारलं, की दोन डिस्क केल्या तर चालतील का. ती म्हणाली, दशावताराक तीन लागतत, लग्नाक दोन कित्याक नको? तर पहिल्या डिस्कवर साखरपुडा आणि हळद, दुसरीवर लग्न. दीड-दीड तास. आता प्रत्येक सेकंदाला जवळपास सात मेगाबिट मिळाले. प्रश्न सुटला, आणि तोही माझ्या नव्हे, आजीच्या सवयीमुळे.

*

या सगळ्या आकुंचनाच्या मुळाशी एक गणित आहे, ते मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पाठ करून पेपरात लिहिलं होतं. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. तेव्हा सर फक्त समीकरण सांगायचे. ते कुणी शोधलं, हे मी या कामाच्या निमित्ताने वाचलं. नासिर अहमद, जन्म १९४० चा, बंगळुरूचा. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करायला अनुदान मागितलं, आणि अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच साधी वाटली म्हणे. तरीही त्यांनी काम केलं आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत शोधनिबंध छापला. आज आपण जो जेपीईजी फोटो पाठवतो, जी डीव्हीडी बघतो, त्या सगळ्यांत हे गणित आहे.

कल्पना खरंच साधी आहे. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे न लिहिता, आधी त्या चौकोनाची सरासरी छटा लिहायची, मग मोठे चढउतार, मग अजून बारीक, अशा ६३ पायऱ्या. आपला डोळा मोठे चढउतार लगेच टिपतो, बारीक टिपत नाही. मग जागा कमी पडली की बारीक पायऱ्या खोडत जायच्या. भिंत भिंतच दिसते. आकाश आकाशच दिसतं. पहिल्यांदा जातं ते बारीक काम: साडीच्या काठावरची नक्षी, पापण्या, सुरकुत्या.

दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण न लिहिणं. एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या काही फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं ते लिहायचं. त्यामुळे जो हलतो त्याला जास्त जागा लागते. स्टेजवर नाचणारा मामेभाऊ सर्वांत महाग. कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलेली म्हातारी जवळजवळ फुकट.

मी रूपांतरासाठी एफएफएमपेग वापरलं. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि व्हिडिओच्या जगातलं निम्मंअधिक ओझं पडद्यामागून तेच वाहतं. त्यात "पाल-डीव्हीडी" असं लक्ष्य एका शब्दात सांगता येतं, की बाकीचं व्याकरण ते स्वतः सांभाळतं. मी दोन फेऱ्यांचं रूपांतर लावलं. पहिल्या फेरीत ते सगळा व्हिडिओ नुसता बघून कुठे किती हालचाल आहे याची टिपणं काढतं, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट्स वाटतं. रात्री लावून झोपायचं. लॅपटॉपचा पंखा पहाटेपर्यंत घोंघावत असायचा आणि माझी रूममेट उशीखाली डोकं घालून झोपायची.

फोटोग्राफरने २५ फ्रेम्सवर शूट केलं होतं, हे बरं झालं. नातेवाइकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ ३० फ्रेम्सचे असतात. ते २५ वर आणायचे म्हणजे दर सहा फ्रेम्समागे एक गाळायची. मग चालणारा माणूस किंचित ठेचकाळत चालतो.

*

माई-आजीला शोधायला मला दोन रविवार लागले. दुप्पट वेगाने व्हिडिओ लावायचा, ती दिसली की थांबवून वेळ वहीत लिहायची. तीन तासांत ती चार ठिकाणी आहे. आहेर देताना. मंगलाष्टकांच्या वेळी, उभ्या माणसांच्या मागे, अक्षता टाकताना. पंगतीत. आणि शेवटी वरातीच्या वेळी, दाराशी खुर्ची टाकून. एकूण दोन मिनिटं चाळीस सेकंद. २,७०,००० फ्रेम्सपैकी ४,०००.

चारही ठिकाणी कॅमेरा तिच्यासाठी नाही. तो कुणा दुसऱ्याला टिपतोय आणि ती कडेला आहे. मंगलाष्टकांच्या फ्रेममध्ये मी तिचा चेहरा मोजला, हनुवटीपासून केसांपर्यंत १२० पिक्सेल. फोर-के फ्रेमची उंची २,१६० पिक्सेल. ती डीव्हीडीच्या ५७६ वर आणली की चेहरा उरतो ३२ पिक्सेलचा. त्यात आजीचा टीव्ही चार-बाय-तीन आकाराचा, म्हणजे रुंद चित्र दाखवताना वर-खाली काळ्या पट्ट्या. त्यामुळे प्रत्यक्षात चेहऱ्याला मिळतात २४ ओळी. चोवीस ओळींत नाक, डोळे आणि कुंकू असतं, माणूस ओळखू येईलच असं नाही. कितीही बिट्स ओतले तरी उपयोग नाही. माई-आजीला जागा कमी पडत नव्हती, तिला पिक्सेल कमी पडत होते.

यावर उत्तर त्या ६१ जीबीतच होतं. फोर-केची एक फ्रेम म्हणजे ३,८४० बाय २,१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. डीव्हीडीची फ्रेम ४,१४,७२०. भागाकार करून बघा, बरोब्बर २० येतो. म्हणजे डीव्हीडी बनवताना दर वीस पिक्सेलमागे एकोणीस जातात. मला आतापर्यंत ही नुकसानीची गोष्ट वाटत होती. पण याचा अर्थ असाही होता, की त्या एका फ्रेममध्ये डीव्हीडीच्या वीस फ्रेम्सइतके पिक्सेल बसलेले आहेत. चित्र लहान करण्याऐवजी खिडकी लहान केली तर?

टीव्हीच्या चार-बाय-तीन आकारासाठी ७६८ बाय ५७६ ची खिडकी घेतली, आणि ती माई-आजीवर ठेवली. काहीही लहान न करता. आता १२० पिक्सेलचा चेहरा ५७६ च्या पडद्यावर आला, म्हणजे उंचीचा पाचवा हिस्सा. नवरा-नवरी फ्रेमच्या बाहेर गेली. समोरच्या काकांचा एक खांदा तेवढा राहिला. आणि मध्यभागी माई-आजी, तोंड किंचित उघडं ठेवून, मंगलाष्टकं मनातल्या मनात म्हणत. फोटोग्राफरने तिचा क्लोज-अप घेतला नव्हता. पण तो त्याच्या कॅमेऱ्यात होता.

चेहरा थोडा मऊ दिसत होता, हॉलच्या पिवळ्या दिव्यांमुळे दाणेही होते. ते मी तसेच ठेवले. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे स्वच्छ करून देणारी ॲप्स आहेत. मी एकावर करून बघितलं. त्याने सुरकुत्या पुसल्या आणि नसलेली भुवई काढली. बाई सुंदर दिसत होती. ती माई-आजी नव्हती.

वरातीच्या वेळी कॅमेरा फिरत होता, तिथे खिडकीही त्याच्याबरोबर सरकवत न्यावी लागली. डबा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या गिळतो, म्हणून चेहरा नेहमी मध्यावर. आणि पंगतीच्या प्रसंगावर फोटोग्राफरने सनईचं रेकॉर्डिंग चढवलं होतं. मी त्याला फोन करून मूळ क्लिप मागितली. तो म्हणाला, मॅडम, त्यात नुसता गोंगाट आहे. मी म्हटलं, तोच हवाय. त्याने दुसऱ्या दिवशी लिंक पाठवली. त्या गोंगाटात, भांड्यांच्या आवाजात, माई-आजी वाढणाऱ्या मुलीला एकच वाक्य बोलते. तेवढंच.

*

माझ्या लॅपटॉपला डिस्कचा ट्रे नाही. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर आणि दहा कोऱ्या डिस्क घेतल्या. "मायनस आर" घेतल्या, जुन्या प्लेअर्सचं त्यांच्याशी जास्त जमतं. दुकानदार म्हणाला, आता फक्त एमआरआयवाले आणि लग्नवाले नेतात. डिस्क कमी वेगाने लिहायची, आणि वर कागदी स्टिकर लावायचा नाही, कारण फिरताना तोल जातो. मार्करने नाव लिहायचं.

मेन्यू मी केला नाही. डीव्हीडीचा मेन्यू म्हणजे बाणांनी खाली-वर जाऊन निवडायचं आणि मग दाबायचं. आजीच्या रिमोटवर चार बटणांची अक्षरं पुसली गेली आहेत, आणि तीच चार बटणं ती वापरते: चालू, थांब, पुढे, मागे. म्हणून डिस्क घातली की लगेच सुरू, आणि "पुढे" दाबलं की पुढचा प्रसंग. प्रसंग कुठे तोडायचे ते आम्ही फोनवर ठरवलं. मी विधींप्रमाणे यादी केली होती: सीमांतपूजन, कन्यादान, सप्तपदी. आजीने ती बदलली. तिला विधी नको होते, माणसं हवी होती. "मुंबयची माणसा येतत तो एक. नवरीची आजी दिसता तो एक." मग तसे १४ प्रसंग केले.

माई-आजीची डिस्क वेगळी, तिसरी. ४.७ जीबीच्या डिस्कवर १६० एमबी, बाकी सगळी रिकामी. बिट्स भरपूर दिले.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायलाच हवी. टीव्हीसाठीचं जुनं चित्रण एका आड एक ओळी करून टिपलेलं असतं. एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, एक-पन्नासांश सेकंदाच्या अंतराची. असा व्हिडिओ थांबवला की हलता हात दोन ठिकाणी थरथरताना दिसू शकतो. आमचं चित्रण सलग फ्रेम्सचं होतं, म्हणून मी रूपांतरही सलगच ठेवलं. म्हणजे "थांब" दाबलं की चित्र खरोखर थांबेल. या डिस्कवर सगळ्यात जास्त तेच बटण वापरलं जाणार, हे मला माहीत होतं.

*

आजीने पहिल्या दिवशी पहिली डिस्क पूर्ण बघितली, दुसऱ्या दिवशी दुसरी. मुंबईची माणसं आली तेव्हा कोण किती जाड झालंय ते सांगितलं. नवरीच्या आजीकडे तीनदा मागे जाऊन बघितलं आणि "माणूस बरा दिसता" असा निकाल दिला. तिसरी डिस्क तिने हातात धरली आणि मला म्हणाली, "पुढचा बटान दाबलंय काय माई येता मा?" मी म्हटलं, बटण नको दाबू, लगेचच येते. "आता माका एकटीक बघूदे."

मी मागच्या पडवीत जाऊन बसले. आतून पंगतीचा गोंगाट आला, आणि मग माई-आजीचं ते वाक्य: "जिलबी थंड झाली गो." आजी मोठ्याने हसली. नंतर बराच वेळ आवाज नव्हता, म्हणजे चित्र थांबवलेलं होतं.

अर्ध्या तासाने तिने मला हाक मारली. पडद्यावर माई-आजी दाराशी खुर्चीत बसलेली, स्थिर. आजी वॉकर धरून टीव्हीच्या अगदी जवळ उभी. तिने काचेवर बोट ठेवलं, चेहऱ्यावर नाही, खांद्याच्या खाली. "ही साडी माझी. चवथीक दिलंय तिका. नेसूक नाय म्हणान मी रागावलेलंय." हिरवा काठ, त्यात पिवळी रेघ. नासिर अहमदांच्या गणितात जे पहिल्यांदा खोडलं जातं, तेच. थोड्या वेळाने ती स्वतःशीच म्हणाली, "नेसली मा शेवटाक."

मग तिने तिसऱ्या डिस्कच्या कव्हरवर आपल्या कपाळावरची टिकली काढून चिकटवली, वाचायला लागू नये म्हणून.

*

बाबांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, तिला स्मार्ट टीव्ही घेऊन देऊ, फाइल पेनड्राइव्हवर टाकली की जशीच्या तशी चालेल. आणि ते चूक नाहीत. त्या पडद्यावर माई-आजी फोर-केमध्ये दिसली असती. प्लेअरची लेझर एक दिवस थकेल, डिस्कमधला रंगाचा थरही कायम टिकत नाही. म्हणून ती ६१ जीबी मी दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवली आहेत. उद्या जे यंत्र येईल त्याच्या भाषेत पुन्हा उतरवता येईल. मूळ फाइल कधी पुसू नका, एवढा एक सल्ला मी या लेखात देईन.

पण स्मार्ट टीव्हीवर काय लागतं तेही मी बघितलंय. चालू केला की आधी जाहिराती, मग कुणीतरी लॉग-इन केलेलं खातं, मग अपडेट, मग "आपण अजून बघत आहात का?" त्यातलं प्रत्येक पाऊल टाकायला घरात कुणीतरी आमच्यासारखं असावं लागतं. आम्ही वर्षातून दोनदा असतो, गणपतीत आणि मे महिन्यात. प्लेअरचं व्याकरण १९९६ पासून बदललेलं नाही. आजी ते एकदा शिकली आणि शिकलेलं अजून उपयोगी पडतंय. माझ्या कामात मी शिकलेलं दोन वर्षं टिकलं तरी मला नशीबवान म्हणतात. बाबांना मी एवढंच म्हटलं, की टीव्ही घ्यायचा तर आधी तिला विचारा. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, घेवा, पण ह्यो डबो हलवू नको.

आता वाडीत ही बातमी पसरली आहे. गेल्या खेपेला तीन पेनड्राइव्ह माझ्या हातात पडले. एका घरातल्या प्लेअरला यूएसबीचं भोक आहे, तिथे डिस्कची गरज नाही. त्याला एव्हीआय डब्यात जुन्या डिव्हएक्स पद्धतीचा व्हिडिओ लागतो, ७२० बाय ५७६ च्या आत, आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ चा, म्हणजे कुठलीही एक फाइल चार जीबीच्या वर नको. दुसऱ्या पेनड्राइव्हवर दुबईतल्या नातवाचं बारसं आहे, सगळं उभं धरून काढलेलं, ३० फ्रेम्सचं. आडव्या टीव्हीवर ते मध्ये अरुंद पट्टीसारखं दिसणार. बाळ मात्र नशिबाने पट्टीच्या मधोमध आहे, खिडकी तिथे ठेवता येईल. तिसऱ्यावर एका आजोबांच्या भजनाचं रेकॉर्डिंग आहे, चाळीस मिनिटांचं. ते अजून उघडून बघायचंय.